कास्तेरा

कास्तेरा (कासुतेरा) : जपानच्या क्यूशू बेटावरील नागासाकी शहराचे प्रसिद्ध पारंपरिक मिष्टान्न. गव्हाचा मैदा, अंडी, साखर आणि स्टार्चापासून केलेला दाट गोड पाक (मिझुआमे) एवढ्याच द्रव्यांपासून ते तयार करतात. लोणी, तेल वा दूध त्यात नसते. तसेच ते फुगविण्यासाठी यीस्ट किंवा बेकिंग पावडर यांचाही वापर परंपरेत बसत नाही. फेसलेल्या अंड्यांत कोंडलेल्या हवेवरच त्याची सारी हलकी घडण अवलंबून असते. भाजलेल्या मोठ्या वडीचे लांबट आयताकार ठोकळे कापून ते विकतात व खाताना त्यांच्या बोटभर जाडीच्या चकत्या करतात. चकतीच्या वरच्या व खालच्या कडांना गडद तपकिरी पट्टा असून मधला भाग पिवळाधमक, बारीक जाळीचा व किंचित ओलसर असतो. तळाच्या कागदाला लागून साखरेचे न विरघळलेले कण दाताखाली येतात. जाणकार जपानी ग्राहक याच कणांवरून कास्तेराची पारख करतो.

युरोपीय केकच्या कुळातील हा पदार्थ जपानमध्ये मात्र ‘वागाशी’ म्हणजे देशी मिठाई या वर्गात मोडतो. पाश्चात्त्य मिठाईला ‘योगाशी’ अशी निराळी संज्ञा आहे. हे दोन्ही शब्द मेजी काळात (१८६८–१९१२) पाश्चात्त्य पदार्थांचा लोंढा आल्यावर रूढ झाले. त्यावेळी सीमारेषा पदार्थाच्या मूळ देशावरून न आखता त्याच्या आगमनकाळावरून आखली गेली. मेजी काळात आलेला केक परका ठरला आणि तीनशे वर्षे आधी आलेला कास्तेरा देशी ठरला. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या अशा मिठायांना एकत्रितपणे ‘नानबान-गाशी’ म्हणतात. नानबान म्हणजे ‘दक्षिणेकडील रानटी लोक’. दक्षिण समुद्रातून येणाऱ्या युरोपीयांना जपान्यांनी दिलेले हे नाव होय.

नाव : कास्तेरा हा शब्द स्पेनमधील कॅस्टील या प्रांताच्या पोर्तुगीज ‘काश्तेला’ या नावावरून आला, हे मत बहुमान्य आहे. ‘पांउ द काश्तेला’ म्हणजे कॅस्टीलचा पाव, असे वर्णन पोर्तुगीजांनी केले असावे आणि जपान्यांनी त्यातील शेवटचे पद तेवढे उचलले असावे. अंड्यातील पांढरा बलक किल्ल्याच्या बुरुजासारखा उभा राहीपर्यंत फेसणे, अशा अर्थाच्या पोर्तुगीज वाक्प्रचारातील ‘काश्तेलु’ (किल्ला) या शब्दाशीही त्याचा संबंध जोडतात. परंतु त्या शब्दाचा अंत्य स्वर जपानी रूपाशी जुळत नाही. जुन्या जपानी ग्रंथांत कासुतेइरा असे रूप आढळते, तेही प्रांतनामालाच जवळचे आहे. आजच्या पोर्तुगालमध्ये या जातीच्या केकला ‘पांउ द लो’ म्हणतात. पोर्तुगीज मिठाया नागासाकीत पोहोचल्या त्याच ओघात गव्हाच्या भाकरीचा पोर्तुगीज शब्द ‘पांउ’ जपानी भाषेत ‘पान’ झाला व मराठी-कोंकणीत ‘पाव’ झाला. एका शब्दाची ही दोन रूपे दोन किनाऱ्यांवर आजही नित्य वापरात आहेत.

इतिहास : १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी क्यूशूच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर उतरले. १५४९ मध्ये सेंट फ्रान्सिस झेव्हिअर कागोशिमास पोहोचला. या प्रवासासाठी तो गोव्याहून निघाला होता. ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती झालेल्या सरंजामदाराने १५७१ मध्ये नागासाकीचे खोल व सुरक्षित बंदर पोर्तुगीज जहाजांना खुले केले आणि १५८० मध्ये ते गाव जेझुइटांच्या हवाली केले. कोळ्यांच्या लहानशा वस्तीचे त्यामुळे थोड्याच वर्षांत गजबजलेले नगर झाले.

पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी गोवा ही होती. जपानच्या सफरीचा कप्तान गोव्याहून निघे व मलॅका आणि मकाव येथे थांबत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर नागासाकीस पोहोचे. चिनी रेशीम घेऊन जाणे व जपानी चांदी घेऊन परतणे हा या सफरीचा मुख्य व्यवहार. साखर हा त्यातील दुय्यम माल होता. पण मिठाईच्या इतिहासात त्यालाच महत्त्व आहे. या मार्गावर पोर्तुगीज पाककलेच्या खुणा ठिकठिकाणी राहिल्या. ‘बोलु’ (केक) या पोर्तुगीज शब्दापासून जपानमध्ये ‘बोरो’ ही गोल खुसखुशीत बिस्किटे आली, तर गोव्यात ‘बोल’ व ‘बोलिन्हा’ आली. पुष्कळ बलक व साखर वापरणे आणि वरून निखाऱ्यांची धग देणे हे गोव्याच्या बेबिंक्याचे विशेष जपानी कास्तेराच्या जुन्या पाककृतीतही दिसतात. मात्र गोव्यात त्याला नारळाच्या रसाची व तुपाची जोड मिळाली, जपानमध्ये यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते.

सोळाव्या शतकातील जपानी माणसाला कास्तेरातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट अपरिचित होती. साखर हे दुर्मिळ औषध मानले जाई. नारा येथील तोदाइजी मंदिराला अर्पण केलेल्या औषधांच्या ७५६ मधील यादीत तिची नोंद आहे. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसावर निर्बंध घातला. या निर्बंधामुळे व बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे कोंबडीचे अंडे खाण्याबद्दलही दीर्घकाळ संकोच होता. गहू पिकत असे. पण त्याच्या पिठाचा उपयोग मुख्यत्वे शेवयांसारख्या उकडलेल्या पदार्थांसाठी होई. पदार्थ सर्व बाजूंनी भाजणारी बंदिस्त भट्टी जपानी स्वयंपाकघरात नव्हतीच. अशा स्थितीत अंडी, साखर व पीठ एकत्र करून भाजलेला मऊ पदार्थ लोकांना विलक्षण वाटला असल्यास नवल नाही.

मिशनऱ्यांनी या नावीन्याचा उपयोग करून घेतला. लुईश फ्रॉइश या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सत्ताधीशाला काचेच्या पात्रातून साखरेचे कोनफेइतु (जपानी : कोम्पेइतो) हे खडे भेट दिले होते. ओझे होआन याने लिहिलेल्या, १६२५ ची प्रस्तावना असलेल्या ताइकोकी या ग्रंथात कास्तेराच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक सापडतो. मद्य पिणाऱ्यांना द्राक्षाची दारू आणि न पिणाऱ्यांना कास्तेरा, बोरो, कोम्पेइतो इ. मिठाया देऊन पाद्री लोकांचे स्वागत करीत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कास्तेरा जपानी वाङ्‌मयात प्रथम येतो तो परधर्मप्रसाराचे आमिष म्हणून. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा तो धर्म निषिद्ध झालेला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

तोयोतोमी हिदेयोशीने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा आदेश दिला. १५९७ मध्ये नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर चढविण्यात आले. तोकुगावा शोगुनशाहीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली व पुढे नागासाकीच्या रहिवाशांना येशूच्या वा मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे (फुमिए). १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना कायमची बंदी झाली. व्यापार पुन्हा सुरू करावा अशी विनंती घेऊन पुढील वर्षी मकावहून आलेल्या शिष्टमंडळातील एकसष्ट जणांचा नागासाकीत शिरच्छेद करण्यात आला.

ज्या शहरात हे घडले त्याच शहरात, त्याच दशकांत कास्तेरा रुजला. फुकुसाया ही नागासाकीतील सर्वांत जुनी कास्तेराची पेढी १६२४ मध्ये स्थापन झाल्याचे तिची परंपरा सांगते. शोओकेन ही दुसरी जुनी पेढी १६८१ ची मानतात. पोर्तुगिजांच्या धर्मग्रंथांचा, प्रतिमांचा व वंशजांचाही कसून शोध घेणाऱ्या राजसत्तेने त्यांच्या मिठाईला मात्र हात लावला नाही. तोवर ती पाद्र्यांच्या हातून सुटून शहरातील हलवायांच्या हाती गेली होती, हे याचे एक कारण होय. साखरेचा ओघ थांबला नव्हता, हे दुसरे व अधिक व्यावहारिक कारण. नावातला परदेश कोणता, हे बहुधा खाणाऱ्यांच्याही लक्षात राहिले नसावे.

साखर आणि नागासाकी : १६४१ मध्ये डचांना हिरादोहून नागासाकीच्या बंदरातील देजिमा या कृत्रिम बेटावर हलविण्यात आले. चिनी व्यापाऱ्यांसाठी १६८९ मध्ये तटबंदीची वेगळी वसाहत झाली. यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी जहाजांसाठी नागासाकी हेच जपानचे मुख्य दार होते. डच जहाजे बटेव्हियाहून (आताचे जाकार्ता) येत, तेव्हा तळाशी भार म्हणून साखरेची पोती भरीत. मालाच्या चढउतारीत सांडलेली साखर मजुरांच्या पदरी पडे. देवळांना, अधिकाऱ्यांना व गणिकांना ती भेट म्हणून मिळे. उर्वरित देशात चैनीची असलेली ही वस्तू नागासाकीत अशा रीतीने गल्लीबोळांत पोहोचली. तेथील स्वयंपाक आजही गोडसर आहे. एखाद्या पदार्थात साखर कमी पडली, की ‘नागासाकी दूर आहे’ असे म्हणण्याची तेथे पद्धत आहे. पाहुण्याने यजमानाच्या सढळपणाला काढलेला तो मिस्कील चिमटा असे.

नागासाकीहून साखर कोकुरापर्यंत जाणाऱ्या राजरस्त्याने पूर्वेकडे जाई. सु. २२८ किमी. लांबीच्या व पंचवीस टप्प्यांच्या या नागासाकी-काइदो रस्त्यावर ठिकठिकाणी गोड पदार्थांचे व्यवसाय उभे राहिले. नागासाकीच्या संरक्षणाची जबाबदारी आळीपाळीने सागा व फुकुओका या संस्थानांकडे असल्यामुळे साखर व तिच्या पाककृती या दोन्ही प्रदेशांत सहज पोहोचल्या. सागाचा मारुबोरो, ओगीचा योकान (घेवड्याच्या जातीच्या लाल कडधान्याची गोड वडी) आणि ईझुकाच्या मांजू या भरीव मिठाया त्यांतूनच प्रसिद्धीस आल्या. या मार्गाला ‘साखर मार्ग’ असे नाव देऊन २०२० मध्ये जपान सरकारने त्याचा राष्ट्रीय वारशांच्या यादीत समावेश केला.

आठवा शोगुन योशिमुने (कार. १७१६–४५) याने साखरेसाठी देशाबाहेर जाणारा पैसा रोखण्याकरिता ऊस लागवडीस उत्तेजन दिले. पुढे शिकोकू बेटावर देशी पांढरी साखर होऊ लागली आणि कास्तेराचा प्रसार वाढला. अठराव्या शतकात तो क्योतो, ओसाका व एदो (आताचे टोकिओ) येथील हलवायांकडेही होत असे आणि १७१८ मध्ये छापलेल्या मिठाईविषयक पाककृतींच्या पुस्तकात त्याची कृती आली. एदो काळात तो खाण्याच्या पद्धती आज चमत्कारिक वाटतील अशा होत्या : किसलेला मुळा किंवा वासाबी ही झणझणीत मुळी त्याबरोबर घेत, त्याचे तुकडे सारात सोडीत व मद्याबरोबरही ते खात. नवा पदार्थ जेवणात कोठे बसवावा याचा समाजाने घेतलेला हा शोध होता. चहाबरोबरची जागा त्याला हळूहळूच मिळाली.

पाककृतीतील बदल : कास्तेरा जपानी कसा झाला, हे त्याच्या प्रमाणांवरून स्पष्ट होते. लोणी व दूध काढून टाकल्याने तो जपानी झाला, असे विधान वारंवार केले जाते. ते बरोबर नाही. पोर्तुगीज पांउ द लो हा केकही मुळात अंडी, साखर व पीठ यांचाच असतो. खरा फरक पिठात पडला. एदो काळातील नानबान रिओरी-शो या हस्तलिखितात दहा अंडी, १६० मोम्मे साखर व १६० मोम्मे पीठ असे प्रमाण आहे (१ मोम्मे = ३·७५ ग्रॅ.). म्हणजे साखर व पीठ प्रत्येकी ६०० ग्रॅ. येते. हे तिन्ही जिन्नस मळून, भांड्यात कागद अंथरून, त्यावर पीठ भुरभुरून मिश्रण ओतावे व वर-खाली विस्तव ठेवून भाजावे, असे त्यात सांगितले आहे. शोगुनशाहीच्या अखेरीस नागासाकीत नौकानयन व व्यापार करणाऱ्या काइएनताई या संघटनेच्या एका टिपणवहीतही कास्तेराची कृती उतरवलेली आहे. साकामोतो र्‍योमा हा राजकीय नेता या संघटनेचा प्रमुख होता. त्या कृतीत अंडी १००, पीठ ७० व साखर १०० मोम्मे असे प्रमाण दिले आहे. आजच्या नागासाकी कास्तेरात पीठ साधारणतः साखरेच्या निम्मे असते. पीठ व साखर समसमान असताना पदार्थ कोरडा व बिस्किटाकडे झुकणारा होत असणार. पीठ जसजसे घटले तसतसा तो मऊ, ओलसर व दाट होत गेला. तांदळाचा मोची, योकान इ. देशी मिठायांनी ज्या स्निग्ध, लुसलुशीत पोताची आवड लावली होती, त्या पोताच्या दिशेने केकचा प्रवास झाला.

दुसरा बदल मिझुआमेचा. तांदळाच्या वा इतर स्टार्चावर माल्टाची प्रक्रिया करून होणारा हा चिकट पाक जपानला प्राचीन काळापासून माहीत होता. कास्तेरात तो मेजी काळापासून घालू लागले. तो पाणी धरून ठेवतो व साखरेचे पुन्हा स्फटिक होऊ देत नाही. आज नागासाकीचा म्हणून जो ओलावा ओळखला जातो, तो बव्हंशी या पाकाचा परिणाम आहे. तेव्हा चारशे वर्षांची परंपरा म्हणून जो कास्तेरा विकला जातो, त्याची आजची चव सु. शंभर-सव्वाशे वर्षांहून फार जुनी नाही, असे म्हणावे लागते.

कृती : कमी प्रथिनांचा मैदा निवडतात, कारण ग्लुटेन अधिक झाल्यास पोत चिवट होतो. अंडी फेसण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पांढरा बलक वेगळा करून आधी घट्ट फेसतात व मग त्यात पिवळा बलक, साखर मिसळतात; दुसरीत संपूर्ण अंडे साखरेसह फेसतात. पहिल्या पद्धतीत श्रम जास्त असून काही जुन्या पेढ्यांनी ती निष्ठेने जपली आहे. फेसात कोमट केलेला मिझुआमे व शेवटी चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळतात. झारामे ही भरड दाण्याची साखर घातली असल्यास तिचे न विरघळलेले दाणे भाजताना तळाशी बसतात. काही कारागीर ती कागदावर आधीच पेरतात.

मिश्रण कागद लावलेल्या लाकडी चौकटीत ओततात. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने कडा करपत नाहीत व धग आत सावकाश पोहोचते. चौकट भट्टीत गेल्यावर थोड्याच मिनिटांत कारागीर ती बाहेर ओढून मिश्रण पळीने ढवळतो आणि पुन्हा आत सारतो. असे दोन-तीन वेळा करतात. ‘आवाकिरी’ (बुडबुडे कापणे) या नावाची ही क्रिया कास्तेराच्या कृतीचे मर्म होय. केक फुगू लागताच त्याला ढवळणे हे युरोपीय भट्टीवाल्याला अविचाराचे वाटेल. कारण त्याचा सारा प्रयत्न फेस न मोडण्याचा असतो. परंतु येथे साखर इतकी असते, की तिच्यामुळे प्रथिने गोठणे व स्टार्च फुलणे या दोन्ही क्रिया लांबतात व तेवढ्या अवधीत मोठे बुडबुडे फोडून लहान तेवढे राखता येतात. वरच्या तापलेल्या व खालच्या थंड थराचे तापमानही त्यामुळे एकसारखे होते. परिणामी संपूर्ण वडीत जाळी सारखी व बारीक पडते. हे किती वेळा व केव्हा थांबवावे, याचा निर्णय कारागीर पळीला होणाऱ्या विरोधावरून घेतो. त्यानंतर पृष्ठभागास रंग आला, की चौकटीवर झाकण घालून मंद आचेवर वडी आतपर्यंत शिजू देतात. सर्व मिळून साधारण तासभर लागतो.

विजेच्या व वायूच्या भट्ट्या येण्यापूर्वी ‘हिकिगामा’ वापरीत. खाली कोळशाची शेगडी, मध्ये पात्र आणि वर निखारे ठेवलेले जड लोखंडी झाकण, अशी तिची रचना असे. ते झाकण दोरीने वा साखळीने वर ओढून घ्यावे लागे, म्हणून ‘ओढभट्टी’ अशा अर्थाचे हे नाव पडले. बंदिस्त भट्टीची उणीव जपान्यांनी अशी भरून काढली. वरच्या निखाऱ्यांमुळेच कास्तेराच्या माथ्यावर तो एकसारखा तपकिरी थर येतो. त्यात साखर व अंड्यातील प्रथिने यांची उष्णतेने होणारी प्रक्रिया घडून विशिष्ट खमंगपणा उत्पन्न होतो.

ताजा कास्तेरा विकत नाहीत. भाजल्यावर तो गुंडाळून सु. एक दिवस ठेवतात, म्हणजे आतील ओलावा कडांपर्यंत समप्रमाणात पसरतो. साखरेमुळे तो सामान्य तापमानात काही दिवस टिकतो. प्रवासातून आप्तांसाठी तेथील खास खाद्यवस्तू आणण्याच्या (ओमियागे) जपानी प्रथेला हा गुण फार सोयीचा ठरला. लांबट पेटीत बसविलेला कास्तेरा हे नागासाकीचे ठरलेले ‘ओमियागे’ आहे. १०० ग्रॅ. कास्तेरापासून सु. ३१० कॅलरी ऊर्जा मिळते. अंडी व साखर यांच्या पौष्टिकतेमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो क्षयरोग्यांना व अशक्त माणसांना मुद्दाम देत. आजारी माणसाला भेटावयास जाताना तो नेण्याची रीतही होती.

प्रकार : मध, माच्चा (हिरव्या चहाची पूड), गूळसदृश काळी साखर व चॉकोलेट घातलेले कास्तेरा सर्वत्र मिळतात. गोसान-याकी हा उंची प्रकार पिवळा बलक जास्त व पांढरा बलक आणि मैदा कमी घालून करतात. पाच भाग पिवळा व तीन भाग पांढरा या प्रमाणावरून त्याला हे नाव (गो–पाच, सान–तीन) पडल्याचे सांगतात. मैदा कमी असल्याने तो सहज खचतो व निष्णात कारागिराखेरीज कोणी त्याच्या वाटेस जात नाही.

नागासाकीचा खास असा मोमो-कास्तेरा ३ मार्चच्या मुलींच्या सणाला, विशेषतः घरात मुलगी जन्मल्यावरच्या पहिल्या सणाला करतात. पीचच्या आकाराच्या कास्तेरावर गुलाबी-पांढऱ्या साखरेचा थर देऊन हिरवी पाने काढतात. पीच हे चिनी परंपरेत दीर्घायुष्याचे फळ. पोर्तुगीज केक, चिनी प्रतीक आणि जपानी सण यांचा हा संगम नागासाकीखेरीज इतरत्र संभवला नसता. फुकुसाया पेढीचे वटवाघळाचे बोधचिन्हही चिनी शुभचिन्हांपैकीच आहे.

जवळच्या हिरादोत कासुदोसु नावाचा पदार्थ होतो. कास्तेराचे तुकडे पिवळ्या बलकात बुडवून उकळत्या साखरपाकातून काढतात व साखरेत घोळवतात. मात्सुयामा येथील ‘तारुतो’ हा कास्तेराच्या पातळ थरात कडधान्याचे गोड पुरण गुंडाळून केलेला वळकटीसारखा पदार्थ होय. मात्सुयामाचा सरंजामदार मात्सुदाइरा सादायुकी याने १६४७ मध्ये नागासाकीस गेला असता त्याची माहिती मिळविली, अशी आख्यायिका आहे. कास्तेराच्या दोन चकत्यांमध्ये योकानचा थर घातलेला ‘शिबेरिया’ हा विसाव्या शतकाच्या आरंभी टोकिओ-योकोहामा भागात लोकप्रिय होता. मियाझाकी हायाओ यांच्या २०१३ च्या द विंड राइझेस (इं. शी.) या चित्रपटात तो दिसल्यानंतर त्याला पुन्हा मागणी आली. जत्रांत साच्यातून भाजलेले गोलसर लहान ‘बेबी कास्तेरा’ विकतात. नागासाकीच्या कास्तेराशी त्यांचे नाते नावापुरतेच आहे.

आधुनिक काळ : १९०० मध्ये नागासाकीत स्थापन झालेल्या बुनमेइदो या पेढीने टोकिओसह इतर शहरांत शाखा काढून व जाहिरातींचा कुशल वापर करून कास्तेराला देशव्यापी केले. तैवान १८९५ ते १९४५ या काळात जपानी अंमलाखाली असल्याने तो तेथेही गेला. मात्र आजचा तैवानी कास्तेरा तेल व दूध घातलेला, गरम पाण्यात पात्र ठेवून भाजलेला व उंच फुगलेला असून तो वेगळाच पदार्थ बनला आहे.

युद्धकाळात या व्यवसायाचा आधारच तुटला. १९४० मध्ये साखरेवर नियंत्रण आले. पुढे मैदा व अंडी मिळणेही दुरापास्त झाले आणि कास्तेराचे उत्पादन जवळजवळ थांबले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला. त्याचा स्फोट शहराच्या उत्तरेकडील उराकामी भागावर झाला. बंदीच्या अडीच शतकांत गुप्तपणे आपला धर्म जपलेल्या ख्रिस्ती लोकांची ही वस्ती होती. बंदरालगतचा जुना भाग डोंगरांच्या आडोशामुळे तुलनेने कमी उद्ध्वस्त झाला व युद्धानंतर कच्चा माल मिळू लागताच तेथील भट्ट्या पुन्हा पेटल्या. १९६३ मध्ये साखरेची आयात खुली झाल्यावर कास्तेरा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. कारखान्यांत यंत्राने भाजलेला, वेष्टनात बंद केलेला स्वस्त कास्तेरा आज जपानभर मिळतो. नागासाकीच्या जुन्या पेढ्यांत मात्र चौकट ओढून मिश्रण ढवळण्याचे काम अद्याप हातानेच करणारे कारागीर आहेत. हे कौशल्य अंगी बाणण्यास अनेक वर्षांची उमेदवारी लागते.